राखाडी रंगाखाली

मुकुंद गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा मी नुकताच पेपर उघडला होता. सकाळी शेडमध्ये खुर्चीवर बसला तो उठलाच नाही. हार्ट. मी "निघतो" म्हणालो, आणि खोटं कशाला बोलू, मनात पहिला विचार आला तो 'आता त्याला कळणार नाही' हा. पन्नास वर्षांची दोस्ती, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. महिना झाला, त्या विचाराची लाज काही जात नाही.

मुकुंद पॉलिटेक्निकमध्ये वर्कशॉप शिकवायचा. रिटायर झाल्यावर सुदामा नगरातल्या घरामागे पत्र्याची शेड टाकली आणि दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं. कॉलनी हसायची. मीही हसायचो, पण रोज पोहे खाऊन तिथेच जाऊन बसायचो, मतलब त्याच्या हाताखाली. विमानात इंजिन आणि बसायची जागा यांच्यामध्ये स्टीलचा एक पडदा असतो, फायरवॉल. इंजिनाने पेट घेतला तर माणसाला तेवढाच आडोसा. पण वायरी आणि पेट्रोलची नळी जायला त्याला भोकं पाडावीच लागतात, आणि भोकांभोवतीची फट बुजवायला सीलंट लागतं. ते निवडण्यात मुकुंदने अख्खं वर्ष घालवलं.

सियागंजात लाल सिलिकॉनची ट्यूब मिळते, वर 'हाय टेम्परेचर' छापलेलं. दुकानदार म्हणाला, "भिया, आग में डाल दो, कुछ नी होगा." मुकुंद म्हणाला, "डाल के देखते हैं." स्टीलच्या तुकड्याला भोक पाडून त्यात ते भरलं, सुकू दिलं आणि त्यावर ब्लोलॅम्प धरला. लाल पांढरं पडलं, भेगाळलं, भुगा होऊन गळालं आणि जाळ पलीकडे आला. "बघ दिनू," तो म्हणाला, "उष्णता सोसणं वेगळं, आग सोसणं वेगळं. ट्यूबवर पहिलं लिहिलेलं असतं, आपण दुसरं वाचतो." असे कितीतरी प्रकार जाळले. शेवटी बाहेरून मागवलेलं एक राखाडी सीलंट टिकलं. जाळात ते फुगून उलट घट्टच बसलं. "पंधरा मिनिटं मिळायला हवीत," तो म्हणायचा, "तेवढ्यात खाली उतरता येतं." ती ट्यूब वहिनींच्या फ्रिजमध्ये असायची. "लोकांकडे श्रीखंड असतं," त्या म्हणायच्या.

मागच्या पावसाळ्यात तो दोन दिवस देपालपुरला नातेवाइकांकडे गेला. जाताना म्हणाला, "पेट्रोलच्या नळीचं भोक तूच बुजव. तुझा हात बसलाय आता." मी खूश. आणि खुशीत ट्यूब रात्रभर उघडी टाकून घरी आलो. सकाळी दगड झाली होती. नवी यायला दोन महिने... त्याला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात. मी सियागंजातून लाल ट्यूब आणली, भरली आणि वर राखाडी रंगाचा हात मारला. परत आल्यावर त्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, "छान." माझा जीव तेव्हाच गेला असता तर बरं झालं असतं.

तेराव्याला त्याची मुलगी अनघा म्हणाली, "काका, बाबांचं विमान मी पुरं करणार. पहिल्यांदा उडवणारही मीच." ती शिकलेली पायलट आहे, उगाच बोलणारी नाही. "फायरवॉल तर झालीये ना?" तिने विचारलं. मी "झालीये" म्हणालो. रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी वहिनींकडून किल्ली घेतली, सुरी घेऊन इंजिनाखाली आडवा झालो आणि खरवडायला लागलो. राखाडी निघालं. अजून खोल गेलो, तरी राखाडीच. पार तळाला एका खाचेत केसाएवढा लाल धागा दिसला. सिलिकॉनवर रंग धरत नाही, हे मला कुठे ठाऊक होतं? पापुद्रा सुटला असणार. त्याने माझं सगळं उकरून नवं भरलं होतं आणि मला एका शब्दाने बोलला नाही. चहा तोच, गप्पा त्याच. फक्त त्या दिवाळीपासून त्याने माझ्या हातात काम दिलं नाही. "दिनू, जरा टॉर्च धर," एवढंच. मी समजत होतो, माझी नजर कमी झाली म्हणून.

"काका, काय करताय?" अनघा दारात उभी होती. मी पडल्या पडल्या सगळं सांगितलं. तिने खाली वाकून बघितलं. तिच्या बापाने भरलेलं चांगलं सीलंट मी अर्धंअधिक उकरून ठेवलं होतं. तिने माझ्या हातातून सुरी काढून घेतली.

"सरका जरा," ती म्हणाली. "आणि टॉर्च धरा."