जोनबाईंच्या कोठाराचे गवंडीपप्पा

गवंडीपप्पा कोणाकडेही गेले की माणसांच्या आधी भिंतींची विचारपूस करत. ऑस्ट्रेलियात, गुंगालिनमधल्या आमच्या भाड्याच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी हॉलची भिंत बोटाने वाजवली, "पुठ्ठा आहे," असं जाहीर केलं आणि मगच चहा घेतला. शेजारच्या शेरॉनचे हे वडील. जन्मभर वसईत चर्चच्या आणि घरांच्या भिंती बांधल्या, लेकीकडे दोन महिन्यांसाठी आले आणि करोनात विमानं बंद झाल्यावर अडकले. लेक दिवसभर मीटिंगमध्ये, आणि यांचे हात नुसते शिवशिवत.

मी इमारतींची इंजिनियर. तेव्हा माझ्याकडे गावाबाहेरच्या एका दगडी शेतघराचं आणि धान्याच्या कोठाराचं काम होतं. इंग्लंडहून आलेल्या कुणा शेतकऱ्याने ते आपल्या मुलखाच्या पद्धतीने बांधलेलं. मालकीण जोनबाई ऐंशीच्या, तिथेच जन्मलेल्या. कोठाराची एक भिंत पोट सुटल्यासारखी फुगली होती, आणि ते ठेवायचं की पाडायचं हे माझ्या अहवालावर ठरणार होतं. दगडांमधल्या निम्म्या दरजा कुणीतरी पूर्वीच सिमेंटने भरल्या होत्या. उरलेल्याही भरा, भिंतीतल्या उभ्या फटी बुजवा, तरी फुगणं थांबलं नाही तर पाडा, असं मी लिहून मोकळी झाले होते.

लॉकडाऊन सैल झाल्यावर पप्पांना तिथे नेलं, त्यांना तेवढाच बदल म्हणून. घरासमोर उभे राहून ते हसले. "इथे ऊन उत्तरेकडून येतं, आणि ह्याने तिकडच्यासारखं घराचं तोंड केलंय दक्षिणेला. मुलूख सुटला, पण सवय सुटली नाय बिचाऱ्याची." त्यांच्या हातातलं घड्याळ अजून वसईच्याच वेळेवर होतं.

कोठाराला समोरासमोर दोन मोठी दारं होती. "इथे मळणी करायचे, बाय. एका दारातून वारा आत, दुसऱ्यातून भुसा बाहेर. फटी ठेवल्यात त्या धान्याला हवा लागायला. त्या बुजवायला कोण सांगतो?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी चावीने एक सिमेंटची दरज खरवडली. आतून ओला चिखल आला. "पाणी कोंडलंय. चुना त्याला बाहेर जाऊ देतो, सिमेंट देत नाय. उरलेल्या भरल्यास तर एका हिवाळ्यात भिंत खाली."

मला राग आला, खोटं कशाला बोलू? घरी येऊन दोन दिवस पुस्तकं उलथीपालथी केली आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्याने अहवाल मागे घेतला.

पुढे कितीतरी शनिवार-रविवार आम्ही सिमेंट खरवडलं आणि चुना भरला. जोनबाई मास्क लावून चहा आणत, लांब ठेवून मागे सरकत. पप्पांचं इंग्रजी "नो वरीज"वर संपायचं, पण दोघांचं छान जमायचं. मी घाई केली की पप्पा माझ्या हातातली थापी काढून घेत. "चुन्याला डेडलाइन नसते, बाय."

हिवाळा संपण्याआधीच त्यांना विमानाचं तिकीट मिळालं. भिंत थांबली की नाही, हे अजून कळायचं होतं. "मला फोन कर," एवढंच म्हणून ते निघाले. नागपूरला माझे बाबा होते, त्यांनाही मी दोन वर्षं पाहिलं नव्हतं. मी विमानतळावर सगळ्यांदेखत रडले.

फुगणं कळावं म्हणून भिंतीवर केलेल्या खुणा वसंतात मोजल्या. केसभरही सरकल्या नव्हत्या. कोठार राहू द्यावं, असं मी लिहिलं आणि सल्लागार म्हणून पप्पांचं नाव घातलं. ऑफिसने त्यांची पात्रता विचारली. पप्पा चौथी पास. मी लिहिलं, 'माझा उपाय केला असता तर हे कोठार पडलं असतं. ते यांनी वाचवलं.' असलं अहवालात चालत नाही, काढा, असा निरोप आला. मी ते काढलं नाही.