मामाचा होकार

अपंगत्व आलेल्या माणसाला झेपेल, आवडेल असं काम शोधून द्यायचं आणि तो तिथे रुळेपर्यंत त्याच्या पाठीशी राहायचं, हे काम करणारे समुपदेशक मी अंबरनाथला घडवते. गेल्या वर्षी आमच्या वर्गात पहिल्यांदाच वांगणीपलीकडच्या ठाकरवाड्यांमधली मुलं आली. पोरं हुशार, पण काहीही विचारलं की माना डोलवायची. समजलं का? हो. की नाही समजलं? हो. मी वैतागून खडू आपटायचे.

त्यातल्या एका मुलीने प्रात्यक्षिकासाठी आपल्याच वाडीतला माणूस निवडला. नात्याने तिचा मामा. कारखान्यात प्रेसखाली त्याचा उजवा पंजा गेला होता आणि तेव्हापासून तो घराबाहेर पडत नव्हता. मामी एकटी मजुरीला जायची. "मामाच घरी बसून राहिला तर माझ्या शिकण्याचा काय फायदा, मॅडम?" मुलगी म्हणायची.

गळ्यात ओळखपत्र आणि हातात फाइल घेऊन ती गेली. मामाने खुर्ची पुसून दिली, शेजारून साखर आणवून चहा करायला लावला. तिने उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात धागे कापायचं काम सुचवलं. मामा म्हणाला, हो. डाव्या हाताने जमेल? हो. सोमवारपासून? हो. ती नाचतच वर्गात आली.

सोमवारी मामा कामावर गेलाच नाही. मंगळवारीही नाही. कारखान्याच्या सिंधी शेठचा मला फोन आला. "मॅडम, मी त्याच्यासाठी उलट्या हाताची कैची पण मंगवली. आदमी किधर है?" शेठ भला माणूस, पण त्याचंही काम अडलं होतं. त्याने दुसरा माणूस ठेवला.

मुलगी रडून लाल झाली. "मामा खोटं बोलला माझ्याशी!" मग डोळे पुसता पुसता एकदम थांबली. "मॅडम, आमच्यात घरी आलेल्या पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. मी तर खुर्चीवर बसले! मामाकडे मी कधी खुर्चीवर बसलेय?" मला हसू आवरेना. जन्म वाडीतला, आणि तिथलीच रीत विसरून बाईसाहेब मॅडम होऊन गेल्या होत्या.

रविवारी ती जुन्या ड्रेसवर, मोकळ्या हाताने गेली. मामी अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. तिच्याशेजारी बसून हीपण सोलू लागली. कामाबद्दल अवाक्षर काढलं नाही. शेवटी मामालाच राहवेना.

"तुझ्या शेठला राग आला काय गं?"

"आला."

मामाने एक शेंग उचलून डाव्या हातात फिरवली. मग म्हणाला, "दिवसभर बत्तीखाली बसून सुतं कापायची, मना नाय जमायचा. नाय म्हंजे नाय!"

तिने तिथूनच मला फोन लावला. "मॅडम, मामा नाही म्हणाला!" दुसऱ्या दिवशी वर्गाने टाळ्या वाजवल्या. नकाराला टाळ्या वाजवणारा वर्ग मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला, आणि मीही वाजवल्या. आता कुठे त्याला विचारता येणार होतं की, मग जमेल काय?

जमण्यासारखं निघालं ते झाडांचं काम. वांगणीजवळच्या एका रोपवाटिकेच्या मालकिणीला पोरीने गोड बोलून पटवलं. एका हाताने पिशवी धरून तिच्यात माती भरता येईना, तर वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी कडी करून टेबलाला बसवून घेतली. तिच्यात पिशवी अडकवली की तोंड उघडं राहतं.

काही आठवड्यांनी आम्ही दोघी पाहायला गेलो. मामा उन्हात स्टुलावर बसून माती भरत होता. मी विचारलं, "कसं वाटतंय काम?"

"बेस," तो खाली मान घालूनच म्हणाला आणि पुढची पिशवी कडीत अडकवली.

मला त्याचे ते पहिले होकार आठवले. मुलीला बाजूला घेऊन विचारलं, "हे खरं धरायचं का गं?"

ती मामाकडे बघत हसली. "एकदम खरं, मॅडम. तुम्ही एवढ्या लांबून आलात, तरी उठला का तो?"