मोहल्ल्याचा इतिहास, तीन प्रतींत

दुबईच्या खाडीकाठच्या आमच्या मोहल्ल्याचा इतिहास साठच्या दशकाच्या सुरुवातीला एका इंग्रज साहेबाने लिहिला. निमित्त रस्त्याचं होतं. जी घरं जुनी ठरतील ती राखायची, बाकीची पाडायची, असा निर्णय झाला होता. जुनं कोणतं हे साहेब स्वतः पाहून ठरवणार होता. त्याला या देशात येऊन पाच महिने झाले होते.

मी त्याच्या कचेरीत टायपिस्ट होतो आणि मामूंकडे राहत होतो. मामू रत्नागिरीकडचे, गलबतावर तांडेल. आफ्रिकेतून आणलेले लाकडी वासे आणि त्यांवर खजुरीच्या झावळ्या, असं त्यांचं घर. मोहल्ल्यात ते सर्वांत आधी उभं राहिलं, याबद्दल शेजाऱ्यांत दुमत नव्हतं.

साहेब पाहणीला येणार, हे मी आठवडाभर आधी घरी सांगितलं. ती माझी चूक. मामू तडक बाजारात जाऊन नव्या झावळ्या घेऊन आले. कोकणात पावसाळ्यापूर्वी घर शाकारतात. इथे पाऊस जवळजवळ नव्हताच, तरी मामू दरवर्षी शाकारत, आणि मोठा पाहुणा येणार असला की पुन्हा एकदा.

"मामू, राहू द्या. घर जुनं आहे हेच तर दाखवायचंय."

"अरे, साहेब घरी येतोय. त्याला फाटक्या झावळ्या दाखवू?"

मामी म्हणाल्या, "निकाहाला आले तेव्हा सदऱ्याचं बटण तुटलेलं होतं. साहेबासाठी बघ कशी धावपळ!"

चार दिवसांत घर हिरवंगार झालं. धुराने काळे पडलेले आतले वासे मामूंनी नव्या चटयांनी झाकून टाकले.

साहेब आधी शेजारच्या व्यापाऱ्याकडे गेला. त्याचं घर चुन्याचं, वर वारा खाली आणणारा मनोरा आणि पुढे कोरीव दरवाजा. साहेबाने कोरीवकामावरून बोट फिरवलं आणि घर दोनशे वर्षांचं असल्याचं लिहून घ्यायला मला सांगितलं.

मामूंना राहवलं नाही. "साहब, ये दरवाजा मैं लाया, झांजिबारसे, अपने जहाज में. तब इधर इसका घर नहीं था. मेरा था."

व्यापारी हसला. "दरवाजा तो पुराना है ना, हबीबी?"

दरवाजा जुना होता. साहेबाला तेवढं पुरेसं होतं.

मग तो आमच्याकडे आला. मामींनी कहवा दिला, खजूर पुढे केला. साहेबाने झावळीला हात लावून पाहिला आणि विचारलं, "कब बनाया?"

मामूंचा चेहरा खुलला. "कल खलास हुआ, साहब! आपके लिये."

परतताना मी साहेबाला सांगितलं की फक्त झावळ्या नव्या आहेत, घर जुनं आहे. त्याने कागद मागितला. झावळ्यांच्या घराला कागद कुठून असणार? इतिहास मीच तीन प्रतींत टाइप केला. व्यापाऱ्याचं घर मोहल्ल्यातलं सर्वांत प्राचीन ठरलं. आमच्या घराला अर्धी ओळ मिळाली: शेजारी अलीकडे उभारलेली तात्पुरती झोपडी.

पाडायला मजूर आले तेव्हा साहेबही होता. झावळ्या निघाल्या, चटया निघाल्या आणि वासे उघडे पडले. साहेब जवळ गेला, डांबरासारखं काळं लाकूड नखाने खरवडून पाहिलं आणि हे कुठलं म्हणून विचारलं. असं जुनं लाकूड त्याने मोहल्ल्यात पाहिलं नव्हतं. त्याने एक वासा कचेरीसाठी मागितला. मामूंनी त्यातला सर्वांत सरळ निवडला, पुसला आणि स्वतः खांद्यावरून पोचवला.

वासा कचेरीच्या व्हरांड्यात उभा राहिला. त्याखालची चिठ्ठी साहेबाने सांगितली, मी टाइप केली: फार जुना वासा, मूळ घर अज्ञात.

त्या दिवशी घरी, म्हणजे भाड्याच्या खोलीत, मी मामूंना विचारलं, "दिलात कशाला?"

"आपल्या दारात उभा राहून मागत होता," मामू म्हणाले. "नाही कसं म्हणायचं?"

मामी म्हणाल्या, "दार कुठे होतं तेव्हा?"