ताईची वही

अमेरिकेतल्या गुलामगिरीवर बोलत मी वर्गात फिरत होतो. तिसऱ्या बाकावरची मुलगी काहीच लिहून घेत नव्हती, जुन्या वहीतल्या ओळींवरून नुसतं बोट फिरवत होती.

“काय गं हे?”

“ताईची वही, सर. तुम्ही तेच सांगता ना!”

वही हातात घेतली. शब्द न् शब्द माझा. मळ्यांतून पळालेल्या माणसांपाशी आलो की दरवर्षी माझा गळा दाटतो. समासात ताईने तिथेच पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘इथे सर थांबतात, खिडकीबाहेर बघतात. तेवढ्यात हेडिंगखाली रेघ मारून घ्यावी.’

पळालेल्यांची गोष्ट सांगत एवढी वर्षं मी एकाच वहीत फिरत होतो.

वही परत दिली. पुढे बोलवेना, म्हणून खिडकीबाहेर बघितलं. मागे बाकांवर पट्ट्या सरकल्याचा आवाज आला.