तुटलेल्या तारा जोडणारा नागसेन

नागसेन चेहरे फोडते. हाव, तोच त्याचा धंदा! आमच्या स्टुडिओत सिरियलची कामं येतात. हिरोले ठोसा बसला का ओठ फाटणं, डोळा सुजणं, नाकातून रक्ताची धार, सगळं कॉम्प्युटरवर तोच करते. स्वभावानं मात्र निव्वळ गाय. मुंगी दिसली तरी पाय उचलून चालन.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक जखम म्हणजे नुसते नोडच नोड, तारांनी जोडलेले डबे समजा. ते कॉपी करून दुसऱ्या शॉटमध्ये पेस्ट केले का तारा तुटतात. मंग बसा एकेक जोडत. नागसेननं त्याच्यावर स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे छोटासा प्रोग्राम. पेस्ट केलं का तुटलेली तार आपोआप जागेवर जुळते, अन् जखम दुसऱ्या चेहऱ्यावर बसते. त्याच्या बहिणीचं, प्रीतीचं लग्न झालं तेव्हा कौतुकानं त्यानं जावयाच्याच फोटोवर फुटका डोळा चिकटवून दाखवला. जावई रोहित पोट धरून हसला, अन् तो फोटो त्यानं मागून घेतला.

यंदाच्या उन्हाळ्यात प्रीती कळमेश्वरच्या सासरहून पळून थेट स्टुडिओत आली. तोंडाले स्कार्फ बांधलेला, फक्त डोळे उघडे. बोलेना. फोन पुढे केला. फोटोत तिचा डोळा बंद होता, ओठ फाटून लोंबत होता, गालावर पट्ट्याच्या बकलचा वळ होता. मंग फोनवरच लिहून दाखवलं, रोहितनं मारलं, अन् सूज उतरेपर्यंत खोलीत कोंडलं होतं. माह्या डोक्यात तिडीकच गेली. तशीच तिले घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात गेलो.

मागोमाग रोहितबी पोचला. काय तो थाट, मुडदा बशिवला त्याचा!

"साहेब, मी हातबी नाही लावला इले. साळ्याचा धंदाच हा आहे. हे पहा." त्यानं आपला तो लग्नातला फोटो दाखवला.

साहेबांनी दोन्ही फोटो शेजारी धरले. मंग प्रीतीकडे पाहिलं. डोळा आता बरा होता. त्यांनी पेन खाली ठेवला.

"साहेब, ते खोटं होतं, हे खरं आहे," नागसेननं प्रीतीच्या फोनवर बोट ठेवलं.

"काहून गा? दोन्ही सारखेच तर दिसून राहिले," साहेब म्हणाले.

रोहित हसला. बस्स! मुंगी न मारणाऱ्या त्या माणसानं त्याची मानगूट धरली अन् डोकं कपाटावर आपटलं. रोहितच्या कपाळातून खरं रक्त आलं. शिपायांनी नागसेनले ओढलं, दोन काठ्या हाणल्या. "आत टाकीन तुले!" साहेब ओरडले. मले वाटलं, झालं, गेली प्रीतीची तक्रार.

तेव्हा प्रीतीनं स्कार्फ सोडला. तोंड उघडलं. समोरचे दात नव्हते, हिरड्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या. अवं माय वं! मले पाहवलं नाही.

"दादा," ती फुसफुसत्या आवाजात म्हणाली, "तुह्या स्क्रिप्टनं तुटलेलं जुळते ना? मंग माहे दात जोडून दे."

नागसेन भिंतीले टेकून खालीच बसला. साहेबांनी पेन उचलला अन् तिच्यासाठी खुर्ची ओढली.