किटली हँडलला लावू नये

आबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांची उंच काळी सायकल गोठ्यात गेली. मधल्या दांड्यावरून पाय टाकणं आता शक्य नव्हतं. उभ्या जन्मात रोज सकाळी सांगवीच्या डेअरीत स्वतः दूध घालणारा माझा बाप सहा महिने खाटेवर बसून होता. दूध दादा मोटारसायकलवर नेई. सुरुवातीला आबांनाही मागे बसवून न्यायचा, पण पोतं नेल्यासारखं नेतो म्हणून आबांनी जाणंच सोडलं.

मी इंदापूरला शाळेत शिकवते. तिथल्या एका बाईंच्या घरी व्यायामासाठी घेतलेली फोल्डिंगची सायकल टॉवेल वाळत घालायच्या कामी आली होती. ती मी स्वस्तात मागून घेतली. तिचा दांडा इतका खाली, की पाय उचलायचा प्रश्नच नाही. घडी घालून एसटीत चढवली तर कंडक्टर म्हणाला, सामानाचं तिकीट काढा. बारामतीपर्यंत मी त्याच्याशी भांडले आणि शेवटी तिकीट काढलंच.

सायकल अंगणात उघडताच दादा भडकला. "खेळणं हाय का ह्ये? आबा पडलं तर खुबा परत बसायचा न्हाय. एकदा जरी पडलं तर सायकल भंगारात आन् आबा कायमचं खाटंवर. मग माझ्याम्होरं रडत येऊ नगंस."

 आबा उठले, काठी टेकत आले आणि घंटी वाजवून बघितली. तेवढ्यावरून मला कळलं की आता माघार नाही.

दोन आठवडे सुट्टीचे दिवस मी त्या सायकलमागे घालवले. मूळची सीट दगडासारखी होती, म्हणून काळ्या सायकलची स्प्रिंगची रुंद सीट मिस्त्रीकडून तिच्यावर बसवून घेतली. बसल्याजागी दोन्ही पाय टेकतील इतकी खाली. कंबर वाकू नये म्हणून हँडल वर ओढलं. ब्रेकचे रबर नवे घातले. उसाच्या ट्रॉलीला लावतात तसली लाल रेडियमची पट्टी मागे चिकटवली. कॅरिअर होतंच. आणि हँडलच्या मधोमध किटलीसाठी जाड लोखंडी हूक लावून घेतला. आमच्याकडे सायकल म्हटली की हँडलला दुधाची किटली आलीच, त्यात विचार कसला करायचा? या सायकलचं हँडलसुद्धा घडी होतं, ते खालच्या एका खटक्यावर उभं असतं, हे मला माहीत होतं. तो खटका दिवसातून दहा वेळा मीच उघडत होते. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

रविवारी सकाळी आबा निघाले. कारखान्याचा सीझन ऐन भरात होता आणि रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर. मी घरच्या स्कूटीवरून मागे होते. आबांची पाठ ताठ, टोपी सरळ. मला रडूच यायला लागलं होतं. तेवढ्यात एका खड्ड्यात किटली झुलली आणि टण्णकन खटक्यावर आपटली. पुढच्या खड्ड्यात पुन्हा. 

"आबा, थांबा! किटली!" मी ओरडले. पण मागून दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आला, त्याच्या टेपवरच्या गाण्यापुढे माझं काय ऐकू जाणार? आबा कालव्याच्या पुलावर चढले होते. पूल अरुंद. तिसऱ्यांदा किटली आपटली, खटका सुटला आणि हँडल एका अंगाला लवलं. आबांनी दोन्ही पाय खाली टेकले आणि कठड्यावर रेलले. ट्रॉल्या त्यांच्या अंगाला वारा घालत निघून गेल्या. किती अंतर होतं ते मला आजही आठवायचं नाही.

मी धावत गेले. मनगट खरचटलं होतं, बाकी काही नाही. निम्मं दूध रस्त्यावर होतं.

"माझंच चुकलं आबा," मी म्हणाले. "हूक मीच लावला. राहू द्या आता. सायकल मी इंदापूरला परत नेते."

आबांनी खटका दाबून बसवला, वरून खांद्यावरचा टॉवेल करकचून बांधला. किटली काढून कॅरिअरला दोरीने आवळली. मग माझ्याकडे बघितलं. इतके चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"पडलो असतो तर हाड मोडलं असतं. त्येला डागदर हाय. सहा म्हयनं खाटंवर बसून माझं काय काय मोडलं, त्ये इचारलंस कधी? तुज्या दादानं तरी इचारलं?"

खरंच विचारलं नव्हतं.

"तू घरी जा. मागं मागं येऊ नगंस. मी दूध घालतो आन् येतो."

बापाला पुलावर एकटं सोडून स्कूटी वळवणं किती अवघड असतं ते त्या दिवशी कळलं. घरी आले तर दादा ओट्यावर उभा. "आबा कुठं हायत?" त्याने विचारलं.

"डेअरीवर."

"एकटं?"

"एकटे."

तो किल्ली घ्यायला आत वळला. मी दारात आडवी उभी राहिले. त्याला बाहेर पडू दिलं नाही.