शेजारच्या सीटवरचा ब्रेक

आमची ताई गाडी शिकवते. निम्म्या गावाने स्टिअरिंग धरलं ते तिच्या धाकाखाली, आणि उरलेल्यांची गाडी रस्त्यावर लगेच ओळखू येते, असं ती स्वतःच सांगते. तिच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक आहेत. शिकणाऱ्याने घोळ घातला की ती तिथूनच गाडी आवरते.

हीच ताई दर रविवारी सासू-सासऱ्यांकडे जाताना औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर गाडी थांबवायची. ती उतरायची, भाऊजी उतरायचे, आणि दोघं जागा बदलायचे. भाऊजी घड्याळं दुरुस्त करतात. केसाएवढी स्प्रिंग सहज बसवतील, पण स्टिअरिंगवर हात आखडतात. तरी फाटकातून गाडी आत घ्यायची ती त्यांनीच. म्हणजे स्टिअरिंग त्यांच्या हातात आणि क्लच-ब्रेक ताईच्या पायाखाली. ती मात्र खिडकीबाहेर बघत बसायची, जणू आपण त्या गावचेच नाही. सासरे पायरीवरून कौतुक करायचे, की गाडी लावावी तर आमच्या लेकाने. असं करा म्हणून कुणी कधी सांगितलं नव्हतं. लग्नानंतर एकदा केलं आणि तेच अंगवळणी पडत गेलं. मी चिडवलं की ताई म्हणायची, एवढ्याशा रस्त्याचा तर प्रश्न आहे, आणि त्यांना वडिलांचं कौतुक गोड लागतं. मला त्या एवढ्याशा रस्त्याचाच फार राग यायचा.

मग तिच्याकडे एक नर्स शिकायला आली. हुशार पोरगी, लवकर हात बसला. एकदा शिकवणी संपवून पोरगी स्वतःच गाडी आपल्या घराकडे नेत होती. नेमक्या त्याच कोपऱ्यावर तिने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाली, "मॅडम, आता तुम्ही घ्या. पुढे बाबा दारात असतात."

बाबांची ना आहे का, असं ताईने विचारलं. तसं काहीच नव्हतं, उलट शिकायला त्यांनीच पाठवलं होतं.

"तुम्हीपण रविवारी इथेच साहेबांच्या हाती गाडी देता ना, मी बघते," पोरगी म्हणाली. "मला वाटलं, असंच करायचं असतं."

हे मला सांगताना ताईचा आवाज चढला होता, आणि राग सगळा स्वतःवर होता.

त्या रविवारी मी मागच्या सीटवर होते, माझं घर त्याच वाटेवर पुढे आहे. कोपरा आला. सवयीने भाऊजींनी पट्टा सोडला, दाराकडे हात नेला.

"बसा तुम्ही," ताई म्हणाली, आणि तिने गाडी थेट फाटकातून आत घेतली.

सासरे पायरीवर होते. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग लेकाकडे, आणि विचारलं, "काय रे, हात दुखतोय का?"

त्यात खोच नव्हती. बापाने लेकाला सुटायची वाट करून दिली होती. नुसतं हो म्हटलं की भागलं, पुढच्या रविवारी पुन्हा तोच कोपरा. ताईचा हात गिअरवरच राहिला. माझा जीव टांगणीला लागला, कारण भाऊजी वडिलांपुढे वर मान करून बोलणाऱ्यातले नव्हेत.

"नाही बाबा," ते म्हणाले. "मला गाडीची भीती वाटते. पहिल्यापासून. ब्रेक हीच दाबायची."

"मग आजवर बोलला का नाहीस?"

"बायकोसमोर कसं म्हणणार, भीती वाटते म्हणून?"

इतकी वर्षं शेजारी बसून ब्रेक दाबणाऱ्या ताईलाही हे आत्ताच कळत होतं. तिने नवऱ्याकडे नीट पाहिलं, किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि सासऱ्यांना म्हणाली, "मी शिकवते त्यांना. भीती गेली तर चालवतील. नाही गेली तर मी आहे."